डॉक्टर गॅटलिंगची तोफ

सन १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडील राज्ये एका बाजूला आणि गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये दुसऱ्या बाजूला, असे ते युद्ध होते. उत्तरेतील इंडियानापोलिस या शहरातून सैनिकांच्या तुकड्या रोज रणभूमीकडे रवाना होत. धडधाकट तरुण हसतमुखाने निरोप घेत आणि गावकरी त्यांचा जयजयकार करीत. काही दिवसांनी दुसऱ्या गाड्या परत येत. त्यांतून कोणी जखमी, कोणी तापाने फणफणलेले असे सैनिक उतरत. काहींची तर नुसती शवेच येत. याच शहरात राहणारा एक गृहस्थ हे सारे पाहत असे. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. मेलेल्या सैनिकांपैकी बहुतेक जण शत्रूच्या गोळीने मेलेले नव्हते. छावणीतील रोगराईने आणि थंडीवाऱ्याने त्यांचा बळी घेतला होता. या विचाराने त्याचे मन अस्वस्थ झाले. या गृहस्थाचे नाव रिचर्ड जॉर्डन गॅटलिंग.

गॅटलिंगचा जन्म १२ सप्टेंबर १८१८ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हर्टफर्ड परगण्यात झाला. त्याचा बाप मोठा शेतमालक होता. त्याच्या शेतावर गुलाम राबत असत. बापाला यंत्रे जुळविण्याचाही नाद होता. कापसाचे बी पेरण्याचे आणि दाट उगवलेली रोपे विरळ करण्याचे यंत्र त्याने तयार केले, तेव्हा लहानगा रिचर्ड त्याच्या हाताखाली काम करीत असे. बापाचा हा वारसा मुलाने पुरेपूर उचलला.

तरुणपणी गॅटलिंगने काही काळ शाळेत शिकविले, काही काळ दुकान चालविले. पण त्याचे मन रमे ते यंत्रांत. आगबोट पुढे ढकलणारा एक मळसूत्री पंखा त्याने मोठ्या कष्टाने तयार केला. परंतु तशाच पंख्याचे पेटंट दुसऱ्या एकाने थोड्याच काळापूर्वी घेतले आहे, असे त्याला कळले. दुसरा एखादा निराश होऊन बसला असता. गॅटलिंगने मात्र आपले लक्ष शेतीकडे वळविले आणि भात पेरण्याचे यंत्र तयार केले. पुढे त्यात फेरफार करून त्याने ते गव्हाच्या पेरणीसाठी योग्य केले. १८४४ मध्ये तो मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुइस शहरी जाऊन राहिला. त्याचे पेरणीयंत्र शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरले आणि त्याला चांगला पैसा मिळू लागला.

अशात त्याच्यावर एक संकट ओढवले. एका हिवाळ्यात तो आगबोटीने प्रवास करीत असता नदी गोठली आणि बोट बर्फात अडकून पडली. त्याच वेळी त्याला देवी आल्या. बोटीवर वैद्य नव्हता, औषध नव्हते. तो कसाबसा वाचला. पण आपल्यावर आणि आपल्या माणसांवर असा प्रसंग पुन्हा आला तर आपण असहाय असू नये, असे त्याने ठरविले. त्याने वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८५० मध्ये ओहायो वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली. वैद्यकीचा व्यवसाय त्याने कधीच केला नाही. तरीही लोक त्याला डॉक्टर गॅटलिंग म्हणू लागले.

रोगाने मरणारे सैनिक पाहून हळहळला, तो हा डॉक्टर; आणि त्यावर उपाय शोधू लागला, तो त्याच्यातील यंत्रकार. त्याचा विचार असा होता : शंभर सैनिकांचे काम एकच माणूस करू शकेल अशी जलद मारा करणारी तोफ निघाली, तर मोठमोठ्या सैन्यांची गरज उरणार नाही. सैन्ये लहान झाली, की छावण्याही लहान होतील आणि लढाईला व रोगाला बळी पडणारी माणसे पुष्कळ कमी होतील. पुढे एका पत्रात त्याने आपला हा हेतू स्पष्ट लिहून ठेवला.

त्या काळी बहुतेक सैनिकांपाशी ठासणीच्या बंदुका असत. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालायची, गजाने ठासायची, मग नेम धरायचा. तरबेज सैनिकाच्यानेही मिनिटाला दोनतीनच बार होत. गॅटलिंगने एका आसाभोवती सहा नळ्या बसविल्या. मागचा दांडा हाताने फिरविला, की नळ्यांचा तो जुडगा फिरू लागे. तिफणीच्या चाड्यातून जसे बी खाली पडते, तशी वरून एकेक गोळी खाली पडे. प्रत्येक नळी पाळीपाळीने गोळी घेई, ती झाडी आणि रिकामी होऊन पुन्हा वर येई. एका फेऱ्यात प्रत्येक नळीला एकदाच बार काढावा लागे. त्यामुळे मधल्या वेळात ती थोडी थंड होई. या तोफेतून मिनिटाला सुमारे २०० गोळ्या सुटत. म्हणजे सत्तर ते शंभर सैनिकांचे काम ती एकटी करी. ४ नोव्हेंबर १८६२ रोजी तिचे पेटंट गॅटलिंगला मिळाले.

आरंभी नशिबाने त्याला साथ दिली नाही. सिन्सिनाटी येथील कारखान्यास आग लागून पहिल्या तोफा जळून गेल्या. त्याने पुन्हा नव्याने तोफा घडविल्या. पण सेनाधिकारी नवे शस्त्र घेण्यास नाखूष होते. बटलर नावाच्या एका सेनापतीने तेवढ्या १२ तोफा विकत घेतल्या. यादवी युद्धात या तोफेचा फारच थोडा उपयोग झाला. चार वर्षांच्या त्या युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले आणि त्यांतील सुमारे दोनतृतीयांश रोगाने गेले.

युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये अमेरिकन सैन्याने ही तोफ अधिकृतपणे स्वीकारली. मग इंग्लंड, रशिया इत्यादी देशांनीही ती विकत घेतली. डॉक्टर गॅटलिंगचे नाव जगभर झाले, परंतु त्याने मनाशी धरलेली आशा मात्र सफळ झाली नाही. एका राष्ट्राने तोफ घेतली, की शेजारचे राष्ट्रही ती घेई. तोफांची संख्या वाढली म्हणून कोणीही आपले सैन्य कमी केले नाही. ज्यांच्यापाशी अशी शस्त्रे नव्हती, त्यांच्यावर ती रोखली गेली. १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत उलुंडी येथे ढाली आणि भाले घेऊन धावून आलेल्या झुलू योद्ध्यांवर इंग्रजांनी बंदुका आणि मोठ्या तोफा यांच्याबरोबर गॅटलिंगच्या तोफाही चालविल्या. झुलू शौर्याने लढले, पण त्यांचे काही चालले नाही.

१८८४ मध्ये हायरम मॅक्सिम या दुसऱ्या अमेरिकन संशोधकाने लंडनमध्ये याहूनही भयंकर शस्त्र तयार केले. गोळी सुटताना बंदूक मागे धक्का देते. तोच धक्का वापरून त्याची यंत्रबंदूक आपोआप पुन्हा भरली जाई आणि मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या झाडी. तिला दांडा फिरविण्याची गरज नव्हती, आणि नळीही एकच होती. तिच्यापुढे गॅटलिंगची तोफ मागे पडली. १९१४ ते १९१८ या काळात पहिले महायुद्ध झाले, तेव्हा सहा कोटींहून अधिक माणसे सैन्यांत भरती झाली. यंत्रबंदुकांच्या भडिमारामुळे दोन्ही बाजूंचे सैनिक वर्षानुवर्षे खंदकांत अडकून पडले. १ जुलै १९१६ या एकाच दिवशी फ्रान्समधील सोम नदीकाठी ब्रिटिश सैन्यातील १९,००० हून अधिक सैनिक ठार झाले. त्यांतील पुष्कळांना जर्मनांच्या यंत्रबंदुकांनी टिपले होते.

छावण्यांतील रोगराई पुढे पुष्कळ कमी झाली, हे खरे. पण ती कोणत्याही तोफेने कमी केली नाही. शुद्ध पाणी, स्वच्छता, रोगप्रतिबंधक लसी आणि परिचारिकांची शुश्रूषा यांनी ते काम केले. गॅटलिंगने ज्या वैद्यकविद्येची पदवी घेऊन ती बाजूला ठेवली होती, तिनेच अखेर सैनिकांचे प्राण वाचविले.

सोमच्या लढाईचा तो दिवस पाहण्यास गॅटलिंग जिवंत नव्हता. उतारवयात त्याचे मन पुन्हा शेतीकडे वळले होते. वयाची ८० वर्षे उलटली तरी तो यंत्राने चालणारा नांगर तयार करण्यात गढून गेला होता. ते काम पुरे होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे त्याचा मृत्यू झाला. ज्या इंडियानापोलिसमध्ये त्याने परतणाऱ्या जखमी सैनिकांना पाहिले होते, तेथेच त्याला चिरविश्रांती मिळाली.

गॅटलिंगचा हेतू दुष्ट नव्हता. त्याची बुद्धी तल्लख होती आणि कष्टांना तो कधी भ्याला नाही. परंतु यंत्र तयार करणाऱ्याचा हेतू यंत्राबरोबर जात नाही. ज्याच्या हाती ते पडते, त्याचाच हेतू ते पार पाडते. पेरणीयंत्र शेतकऱ्याच्या हाती गेले, त्याने धान्य पिकविले. तोफ लढणाऱ्यांच्या हाती गेली, तिने माणसे मारली. दोन्ही यंत्रे एकाच माणसाने घडविली होती.