निवृत्तीनंतरचे अण्णा कर्वे

आखाती देशांत नोकरीचे शेवटचे महिने जवळ आले की घरोघरी माळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात. इथला मुक्काम बहुतेकांच्या बाबतीत नोकरीला बांधलेला. शारजात आम्हा शिक्षक मंडळींच्या गप्पांत हल्ली हाच विषय वरचेवर निघतो. पन्नाशी उलटली, आता पुढे काय? फळ्यापुढे उभे राहण्याचे दिवस संपले की आपला उपयोगही संपला, असे मनाला वाटू लागते. अशा वेळी मला गणिताचे एक प्राध्यापक आठवतात. त्यांच्या आयुष्यातली मोठी कामे निवृत्तीनंतर झाली. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, सगळ्यांचे अण्णा.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली गावी, आजोळी झाला. त्यांचे स्वतःचे गाव दापोलीजवळचे मुरूड. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत करारावर गेलेल्या मराठी मजुरांतही याच कोकणपट्टीतले पुष्कळ लोक होते. तेव्हा अण्णांचे बालपण आपल्या पूर्वजांच्या बालपणाहून फार वेगळे नसावे. घरची गरिबी, डोंगरातल्या पायवाटा आणि समुद्राचा वारा.

सतराव्या वर्षी सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले. भर पावसात, घाट चढून, सुमारे ११० मैल. तिथे पोचल्यावर, वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. दुसरा एखादा खचून गावी राहिला असता. अण्णा मॅट्रिक झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी. ए. झाले. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावले. लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली होती आणि ती जागा रिकामी होती.

त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारली. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनी. पुढे त्या आनंदीबाई झाल्या आणि सगळे त्यांना बाया म्हणू लागले. मुरूडच्या गावकऱ्यांनी या जोडप्यावर बहिष्कार टाकला. ज्या गावाच्या शाळेसाठी अण्णांनी धडपड केली होती, त्याच गावाची दारे त्यांना बंद झाली.

१८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. रस्ता धड नव्हता. दिवसा कॉलेजात गणित शिकवायचे आणि काम आटोपले की चार मैल चालत हिंगण्याला जायचे, असा त्यांचा क्रम. मिळेल तो पैसा आश्रमात जाई. त्याची झळ घराला बसे, आणि घर सांभाळीत होत्या बाया. त्यांनी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात ही ओढाताण मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. अण्णांचे मोठेपण सांगताना बायांचे कष्ट विसरू नयेत.

१९१४ साली अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. वय छप्पन्न. इथे दुसऱ्या कोणाचे चरित्र संपत आले असते. अण्णांच्या हाती त्या सुमारास जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. आपल्याकडेही असे विद्यापीठ का नसावे, या विचाराने त्यांना घेरले. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय म्हणून. सुरुवातीला मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सरकारी मान्यता नाही, पैसा नाही. मग हे निवृत्त प्राध्यापक गावोगाव वर्गणी मागत फिरले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव विद्यापीठाला लागले. आजचे एस. एन. डी. टी. विद्यापीठ ते हेच.

तरी अण्णा थांबले नाहीत. १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते परदेशी निघाले. युरोप, अमेरिका, जपान असा प्रवास करून १९३० साली परतले. या फेरीत ते इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षकांच्या एका परिषदेलाही गेले होते. कॉलेजात शिकवलेला हा माणूस आम्हा प्राथमिकवाल्यांमध्ये जाऊन बसला, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते आफ्रिकेला गेले. त्यांचे चिरंजीव शंकरराव मोंबासाला डॉक्टर होते. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, दक्षिण आफ्रिका असा सव्वा वर्षाचा हा दौरा. केनिया-युगांडाचा लोहमार्ग हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या मजुरांनी बांधला होता. दक्षिण आफ्रिकेत उसाच्या मळ्यांसाठी १८६० सालापासून असेच मजूर गेले होते. मागून व्यापारी आले, दुकाने निघाली, मुले शिकू लागली. अण्णा मदत मागायला गेले ते या परमुलखात घाम गाळून उभ्या राहिलेल्या समाजाकडे. पुण्या-मुंबईच्या मुलींच्या शिक्षणात समुद्रापारच्या कष्टाचा पैसाही आहे, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे.

१९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. लोकल बोर्डाची शाळा जिथे पोचली नव्हती अशा खेड्यांत पहिलीपासूनचे वर्ग सुरू करायचे, हे त्याचे काम. विद्यापीठ उभारणारा माणूस म्हातारपणी अ-आ-इ-ई कडे वळला. १९४४ साली जातिभेद मोडण्यासाठी त्यांनी समता संघ स्थापन केला. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले आणि हयातीतच त्यांचे टपाल तिकीट निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

हिशोब करून पाहा. फर्ग्युसनमध्ये अण्णांनी तेवीस वर्षे शिकवले. निवृत्तीनंतर ते अठ्ठेचाळीस वर्षे जगले, म्हणजे नोकरीच्या दुपटीहून अधिक.

आपले पूर्वज करारावर अंगठा उठवून निघाले, कारण सही करण्याइतकी अक्षरे त्यांच्या वाट्याला आली नव्हती. आज आपल्यात शिक्षक आहेत, निवृत्त प्राध्यापकही आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आपल्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास मराठीचा वर्ग घेतला, तरी पुष्कळ होईल. माझ्या बॅगा अजून माळ्यावर आहेत. त्या उतरेपर्यंत पहिला तास मी घेईन.