भास्कराचार्य आणि संगणकातली किल्ली

भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला; 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. 1183 मध्ये, जवळपास सत्तरीत, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिले. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापला. तसा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

आर्यभटांपासून चालत आलेली 'कुट्टक' ही रीत भास्कराचार्यांनी सविस्तर शिकवली. 3 ला कितीने गुणावे, म्हणजे 20 ने भागल्यावर बाकी 1 उरेल? उत्तर 7. संख्या कितीही मोठ्या असल्या तरी कुट्टकाने उत्तर सापडते. त्यांना ते ग्रहगणितासाठी हवे होते.

1977 मध्ये निघालेल्या आरएसए पद्धतीत किल्ल्यांची जोडी याच जातीच्या गणिताने बनते: 3 जाहीर, 7 गुप्त, आणि 20 कुणाला कळू द्यायचा नाही. प्रत्यक्षात यातल्या गुप्त संख्या शेकडो अंकी असतात. डिजिटल प्रमाणपत्रात जाहीर किल्ली, मालकाचे नाव, देणारी संस्था आणि मुदत असते. शेंदूरजनाघाटातल्या घरच्या संगणकावरही विंडोजमध्ये 'मॅनेज युझर सर्टिफिकेट्स' शोधले की प्रमाणपत्रांची यादी उघडते. कुणाच्या सांगण्यावरून अनोळखी 'रूट' प्रमाणपत्र बसवू नये. त्याने बँकेचे किंवा रुग्णालयाचे बनावट संकेतस्थळही खरे भासू शकते. डिजिटल सहीचे टोकन आणि पिन दुसऱ्याच्या हाती देऊ नये. ती सही कायद्याने हातच्या सहीइतकीच ग्राह्य आहे.

भास्कराचार्यांनी शिकवलेली रीत आजही सर्वांना खुली आहे. जपायची आहे ती फक्त आपली किल्ली.