नगरपालिकेच्या सभागृहातील जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव घेतले की १८४८ साली भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा, १८७३ साली स्थापन झालेला सत्यशोधक समाज आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ यांचे स्मरण होते. ते योग्यच आहे. परंतु १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ही गोष्ट मात्र दोन-चार वाक्यांत आटोपली जाते. दिवाबत्ती, झाडलोट, नळ आणि गटारे यांच्या कारभारात एखाद्या क्रांतिकारकाने काय मोठे केले असणार, अशी समजूत त्यामागे असावी. वस्तुतः सार्वजनिक पैसा कोणाकडून गोळा होतो आणि कोणावर खर्च होतो, हा जोतीरावांच्या विचारातील मध्यवर्ती प्रश्न होता; आणि तो विचारण्यास नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती.

त्या काळचे पुणे लाखभर वस्तीचे, जुन्या राजधानीच्या आठवणींत रमलेले शहर होते. नगरपालिकेचे सभासद सरकार नेमीत असे. लॉर्ड रिपन यांच्या सुधारणांनी निवडणुकीचे तत्त्व रुजले ते पुढे. अशा नेमलेल्या मंडळात जोतीराव बसले, तेव्हा ते केवळ समाजसुधारक म्हणून बसले नव्हते. ते व्यवसायाने कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरविला होता. मांजरीला त्यांची शेती होती. धातूचे ओतकाम करणाऱ्यांना लागणाऱ्या मुशींची विक्रीही त्यांनी केली होती. चुना, दगड आणि मजुरी यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असणे स्वाभाविक होते. सरकारी बांधकामांत अडाणी मजुराच्या नावावर पैसा कसा खाल्ला जातो, हे त्यांनी जवळून पाहिले होते आणि लिहूनही ठेवले होते.

पाण्याची गोष्ट तर त्याहून जुनी. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने केला तो १९२३ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. तोही पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिला.

नगरपालिकांच्या उत्पन्नाचा मोठा आधार जकातीचा होता. हा कर श्रीमंताच्या उत्पन्नावर बसत नाही, तो वेशीतून आत येणाऱ्या मालावर बसतो. आणि ज्याच्या मिळकतीचा बहुतेक भाग धान्य-भाजीवरच खर्च होतो, त्याच्यावर त्याचा भार अधिक पडतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हा सिद्धांत जड भाषेत मांडलेला असतो. जोतीरावांनी ‘असूडा’त तो एका शेतकऱ्याच्या गाडीवर बसवून दाखविला. माळवे घेऊन शहरात येणारा हा शेतकरी गाडीभाडे, जकात आणि दलाली चुकती करता करता अखेर रिकाम्या हाताने घरी परततो. नगरपालिकेत बसलेल्या माणसाने नगरपालिकेच्याच उत्पन्नाविषयी असे लिहावे, हे आजही सहसा घडत नाही.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीचा प्रसंग या पार्श्वभूमीवर पाहावा. त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला. दख्खनने १८७६-७७ चा भीषण दुष्काळ नुकताच सोसला होता. त्यात उपाशी मुलांसाठी धनकवडीला अन्नछत्र चालविण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई राबले होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, अशी जोतीरावांची मागणी होती. बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्या त्यांचे पडले. प्रस्ताव अर्थातच संमत झाला. हजार रुपयांनी नगरपालिकेचे दिवाळे निघणार नव्हते, असे कोणी म्हणेल. पण करदात्याच्या पैशाने सलाम ठोकण्याची प्रथा अशा लहान रकमांनीच रूढ होते.

१८८० च्या जुलैत त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांबद्दल नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. त्यांचा मुद्दा नुसत्या नीतीचा नव्हता. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी स्वच्छतेवर खर्च करते आणि त्याच लोकांचे आरोग्य व संसार धुळीला मिळविणारी दुकाने गल्लोगल्ली उघडतात, ही विसंगती त्यांनी पुढे ठेवली.

सर्वांत बोलकी गोष्ट हंटर आयोगापुढील १८८२ च्या निवेदनात आहे. शहर हद्दीतील प्राथमिक शाळांचा सगळा खर्च नगरपालिकेने द्यावा, असे त्यांनी सुचविले. परंतु त्या शाळांचा कारभार मात्र तिच्या हाती सोपवू नये, असेही बजावले. स्थानिक स्वराज्याच्या भक्तांना हे वाक्य अडचणीचे वाटते. सभागृहात सहा वर्षे बसलेल्या सभासदाचा आपल्याच संस्थेवर विश्वास नसावा, ही तक्रार रास्त आहे. पण सत्ता गावकीच्या वरच्या थरांच्या हाती राहिली, तर महारामांगांच्या आणि कुणब्यांच्या मुलांना त्या शाळेत कोणती जागा मिळेल, याचा त्यांनी घेतलेला अंदाज चुकीचा होता असे कोण म्हणेल?

१८८८ साली मुंबईच्या सभेत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला. शेवटचा ग्रंथ त्यांनी डाव्या हाताने लिहिला. कंत्राटांत मिळविलेला पैसा कार्यात संपला होता. आजारपणात मित्रांची आणि बडोद्याच्या सयाजीरावांची मदत घ्यावी लागली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले. सात वर्षांनी पुण्यात प्लेगचे थैमान चालू असता रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईही गेल्या.

शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणाऱ्या बाजारासाठी प्रशस्त मंडई बांधण्याची योजना नगरपालिकेत आली, तेव्हाही जोतीरावांनी विरोधच केला होता. एवढा पैसा आधी शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते कोणी मानले नाही. १८८६ साली इमारत पुरी झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले मंडई हे नाव देण्यात आले.