कोरे निघालेले ४०० फोटो

विल्यम हेन्री जॅक्सन हे अमेरिकेतले मोठे फोटोग्राफर. जन्म १८४३ सालचा. त्या काळी फोटो काचेवर काढीत. जड काचा खेचरावर लादून जॅक्सन डोंगरदऱ्या हिंडत.

१८७७ साली ते चाको नावाच्या वाळवंटी दरीत गेले. तिथे उंच खडकाचे कडे अन् जुन्या दगडी वस्तीचे पडके वाडे आहेत. या खेपेला त्यांनी काचांऐवजी नवी फिल्म नेली. सुमारे ४०० फोटो काढले. परत येऊन धुतले, तर एकही उमटला नाही!

गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. पण जॅक्सननी मोजमापं लिहून घेतली होती, नकाशे काढले होते. त्यावरून त्यांनी चाकोची माहिती लिहिली. ९९ वर्षं जगून १९४२ साली ते वारले.

मीही आता सहलीला वही नेणार.

– इयत्ता ४ थी