मिलेटसचा हिप्पोडेमस

काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांचे नगर जगात प्रथम हिप्पोडेमसने आखले, असे मी पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ठोकून दिले होते. ते चूक होते, हे बऱ्याच उशिरा कळले.

आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील मिलेटस हे त्याचे गाव. इ. स. पूर्व ४९४ मध्ये इराण्यांनी ते उद्ध्वस्त केले. ४७९ नंतर ते चौकटीच्या आखणीवर पुन्हा उभे राहिले. पण सिसिलीतील सेलिनससारख्या ग्रीक वसाहतींत अशी आखणी त्याच्या आधीचीच होती.

मग त्याचे श्रेय कोणते? अथेन्सचे बंदर पायरियस त्याने आखले. ॲरिस्टॉटल मात्र त्याची आणखी एक ओळख देतो. लांब केस, भारी दागिने, अन् भर उन्हाळ्यातही अंगावर स्वस्त पण उबदार वस्त्र! राज्यकारभाराचा अनुभव नसताना या गृहस्थाने आदर्श राज्य कल्पिले. नागरिक १०,०००; कारागीर, शेतकरी व सैनिक हे तीन वर्ग; जमीनही देवाची, सार्वजनिक व खाजगी अशी तिहेरी. शस्त्रे एकाच वर्गाच्या हाती राहिली तर उरलेले दोन त्याचे गुलाम होतील, हा ॲरिस्टॉटलचा आक्षेप मला बिनतोड वाटतो. तरी रस्त्यांबरोबरच जमीन कोणाची हेही हिप्पोडेमसने ठरवू पाहिले, हे माझ्या त्या उत्तरात कोठेच नव्हते.

पायरियसला त्या काळचे हद्दीचे दगड सापडले आहेत. व्यापारपेठेची सीमा कोठवर, हे त्यांतल्या एकावर कोरलेले आहे.