पंचगंगेच्या घाटावरचे मंत्र

गेल्या उन्हाळ्यात आमगावजवळच्या एका खेड्यात पुतणीच्या लग्नाला गेलो होतो. मांडवात कूलरची घरघर, दीड तास उशिरा पोहोचलेले वऱ्हाड, भटजींना पुढच्या लग्नाची घाई, हे सगळे नेहमीचेच. नेहमीचे नव्हते ते आमच्या काकाजींचे वागणे. वय शहाऐंशी. विधी सुरू होण्याआधी ते काठी टेकत भटजींपाशी गेले आणि आजचे मंत्र वेदोक्त आहेत की पुराणोक्त, असे त्यांनी विचारले. तरुण भटजी गोंधळले. हातातली छापील पुस्तिका उलटीपालटी करून, यात आहे तेच म्हणतो, असे म्हणाले. काकाजी हसले आणि जागेवर येऊन बसले.

रात्री अंगणात बाजेवर पडल्यापडल्या त्यांनी त्या प्रश्नाचा उलगडा केला. त्यांच्या वडिलांच्या लग्नात गावच्या भटजीने वेदमंत्र म्हणायला नकार दिला होता. कुणब्याच्या घरी पुराणातलेच मंत्र चालतात, असे त्याचे म्हणणे. घरच्यांनी वाद घातला नाही, दक्षिणाही चुकवली नाही. पण वडील ते शेवटपर्यंत विसरले नाहीत.

आजच्या वाचकाला हा भेद सांगावा लागतो. वेदातले मंत्र म्हणून केलेला विधी तो वेदोक्त. पुराणातले श्लोक म्हणून केलेला तो पुराणोक्त. पहिला द्विजांसाठी, दुसरा शूद्रांसाठी, असा दंडक. देव तोच, अग्नी तोच, अक्षता त्याच. शब्द तेवढे वेगळे, आणि त्या शब्दांवरून माणसाची पायरी ठरायची. आमच्या आमगावजवळचे पदमपूर हे भवभूतीचे गाव मानले जाते. तैत्तिरीय शाखेच्या वेदपाठी घराण्यातला हा महाकवी आठव्या शतकातला. म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी ज्या मातीत वेदघोष होत होता, तिथल्याच एका कुणब्याला स्वतःच्या लग्नात ते शब्द मिळाले नाहीत. काकाजींचे ऐकता ऐकता मला कोल्हापूरचे शाहू महाराज आठवले, कारण हीच गोष्ट एका राजाच्या वाट्याला आली होती.

शाहूंचा जन्म २६ जून १८७४चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. तीन वर्षांचे असतानाच आई गेली. कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता, म्हणून १७ मार्च १८८४ रोजी ते दत्तक गेले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विशीतच, राज्यकारभार हाती आला. तेव्हा दरबारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. मागोमाग दुष्काळ आला, प्लेग आला. तरुण राजाची पहिली वर्षे त्यातच गेली.

मग १८९९ सालचा कार्तिक महिना. महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात. सोबत मुंबईचे विद्वान राजारामशास्त्री भागवत होते. पुरोहित म्हणत असलेले मंत्र पुराणोक्त आहेत, हे शास्त्रीबुवांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ते महाराजांना सांगितले. विचारल्यावर पुरोहिताने दिलेला खुलासा असा सांगतात, की शूद्राला पुराणोक्तच चालते आणि त्यासाठी पुरोहिताने स्वतः आंघोळ केली नसली तरी बिघडत नाही. छत्रपतींच्या गादीवरच्या माणसाला, त्याच्याच राज्यात, त्याच्याच नोकराने सांगितलेली ही गोष्ट! मला तर वाटते, पुराणोक्त मंत्रांपेक्षा ती न केलेली आंघोळच महाराजांना अधिक झोंबली असावी.

वाद नवा नव्हता. १६७४ साली रायगडावर शिवाजीराजांच्या राज्याभिषेकासाठी काशीहून गागाभट्ट आले ते याच कारणाने. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या काळात, १८३०च्या सुमारास, यावर सभा भरली होती. बडोद्यात सयाजीरावांनी कोल्हापूरच्या आधीच आपल्या घरी वेदोक्त सुरू केले होते.

शाहूंचे वेगळेपण असे, की त्यांनी रागाच्या भरात काही केले नाही. त्यांनी आधी राजपुरोहित आप्पासाहेब राजोपाध्ये यांना वेदोक्त विधी करण्याची आज्ञा दिली. राजोपाध्ये ऐकेनात. नारायण भट सेवेकरी या ब्राह्मणाने राजवाड्यात वेदोक्त विधी केले, तर ब्रह्मवृंदाने त्यांनाच वाळीत टाकले. महाराजांनी चौकशी समिती नेमली. तिने छत्रपतींचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला. तरीही राजोपाध्ये हटले नाहीत, तेव्हा मे १९०२ मध्ये त्यांचे इनाम जप्त झाले.

इथून पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. राजोपाध्ये दाद मागायला इंग्रजांकडे गेले. आधी पोलिटिकल एजंट, मग मुंबई सरकार, शेवटी थेट व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. हिंदूंच्या मंत्रांचा अधिकार कोणाला, हे इंग्रज सरकार कशाला ठरवणार? ते त्या वाटेला गेलेच नाही. प्रश्न इनामाचा धरला गेला. जमीन चाकरीसाठी दिलेली. चाकरी करायची नसेल तर जमीन ठेवता येणार नाही. राजोपाध्यांची एकेक दाद फेटाळली गेली. वेदांचा वाद असा सातबाऱ्याच्या बाजूने सुटला, असे आजच्या भाषेत म्हणता येईल. लोकमान्य टिळकांनी १९०१ साली ‘केसरी’तून या प्रकरणावर लिहिले आणि ते पुरोहितांच्या बाजूने उभे राहिले. टिळकांना मानणाऱ्या आमच्या पिढीला हे वाचताना अवघड वाटते, पण घडले ते घडले. पुढे १९०५ साली करवीरच्या शंकराचार्यांनीही महाराजांचा अधिकार मान्य केला आणि निदान राजवाड्यापुरता वाद मिटला.

पवित्र शब्दांवर हक्क कोणाचा, हा तंटा काही आपल्याच देशातला नाही. पाकिस्तानात अहमदिया पंथाच्या लोकांनी स्वतःला मुसलमान म्हणवू नये, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणू नये, असा वटहुकूम १९८४ साली निघाला. १९९३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि त्यासाठी चक्क व्यापारी नाममुद्रांच्या कायद्याचे दाखले दिले. मलेशियात ‘हेराल्ड’ या कॅथलिक साप्ताहिकाने देवासाठी ‘अल्लाह’ हा शब्द वापरावा की नाही, यावर खटला झाला. २०१४ साली साप्ताहिक हरले. २०२१ साली मात्र सारावाकमधील एका ख्रिस्ती बाईने त्याच शब्दाबद्दलचा दावा क्वालालंपूरच्या उच्च न्यायालयात जिंकला. तिथे बहुसंख्यांनी शब्द धरून ठेवले आणि अल्पसंख्य ते मागत राहिले. आपल्याकडे उलटे. मूठभरांच्या हाती शब्द आणि बाकी सारा समाज दाराबाहेर.

शाहू महाराज स्वतःचा मान मिळवून गप्प बसले असते, तर त्यांचे चरित्र एका मानी संस्थानिकाचे चरित्र ठरले असते. पण ज्या वर्षी इनाम जप्त झाले, त्याच वर्षी २६ जुलै रोजी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के सरकारी जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम निघाला. स्वतः ते तेव्हा विलायतेत होते. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. १९०६ साली मुसलमानांची शिक्षणसंस्था निघाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. कुराणाचे मराठी भाषांतर व्हावे म्हणून पैसा दिला. ज्याला आपल्या धर्माचे शब्द नाकारले गेले, त्याने दुसऱ्याच्या धर्माचे शब्द मायबोलीत यावेत म्हणून खर्च करावा, हे मला त्यांच्या सगळ्या हुकमांपेक्षा मोठे वाटते. १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आले.

तरी एक गोष्ट खटकते, ती लपवू नये. १९२० साली त्यांनी मराठा पुरोहित तयार करणारे वैदिक विद्यालय काढले आणि सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून पीठावर बसवले. जोतीराव फुल्यांना मानणाऱ्या सत्यशोधकांपैकी अनेकांना हे रुचले नाही. जुना मध्यस्थ हटवून नवा कशाला, असा त्यांचा सवाल होता, आणि त्याला महाराजांकडे समाधानकारक उत्तर होते असे मला वाटत नाही. कुंपणाचे फाटक त्यांनी उघडले, कुंपण मात्र राहिले. एका माणसाने एका आयुष्यात किती करावे, हेही खरेच. मधुमेहाने पोखरलेले शरीर घेऊन ते राबत होते.

त्याच वर्षी ते आमच्या मुलखात आले होते. ३० मे १९२० रोजी नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष शाहू महाराज, आणि हजर होते तरुण आंबेडकर. मे महिन्याचे नागपूरचे ऊन आम्हां गोंदियाकरांना सांगायला नको. त्यानंतर दोन वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, महाराज मुंबईत वारले. अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आंबेडकरांनी पुढे निराळा रस्ता धरला. १९५४ साली ते भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. वेदोक्त की पुराणोक्त, हा प्रश्नच त्यांच्या अनुयायांसाठी त्या दिवशी मिटला.

हे सारे मी काकाजींना सांगितले. नागपूरच्या परिषदेचे त्यांना ठाऊक नव्हते. राजालाही असे म्हणाले का, एवढेच त्यांनी दोनदा विचारले आणि कूस बदलून झोपले. दुसऱ्या दिवशी गावातच एका बौद्ध घरी लग्न होते. काकाजी नवा गमछा खांद्यावर टाकून मला घेऊन गेले. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लावलेल्या होत्या, आणि नवरीचा शाळेत जाणारा भाऊ माइक हातात धरून पालीतले त्रिशरण आणि पंचशील म्हणत होता. दोन ठिकाणी अडखळला, तेव्हा मांडवातल्या बायांनीच त्याला पुढचे शब्द सांगितले.