समजून घ्या : ६० हून अधिक लढती, एकही पराभव नाही! लाकडी तलवारीने लढणारा मुसाशी नवशिक्यांना काय सांगतो?

केंदो, इआयदो किंवा आयकिदोच्या वर्गात नाव घातले की थोड्याच दिवसांत प्रश्न पडतो, सरावासाठी पहिली तलवार कोणती घ्यायची? मोबाइलवर शोधल्यास चकाकत्या पात्याच्या, नक्षीदार मुठीच्या ‘कताना’ समोर येतात आणि तीच खरी तलवार वाटू लागते. मात्र जपानचा सर्वाधिक प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशी याने आपली सर्वांत गाजलेली लढत लाकडी तलवारीने जिंकली होती. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथात त्याने हत्यार कसे निवडावे, हेही सांगून ठेवले आहे.

कोण होता मुसाशी?

मुसाशीचा जन्म साधारण १५८४ चा. त्याच्या स्वतःच्या लिखाणानुसार तो हारिमा प्रांतातला, म्हणजे आजच्या ह्योगो प्रीफेक्चरमधला. मुनिसाई या शस्त्रविद्येतील जाणकाराच्या घरात तो वाढला. वयाच्या १३ व्या वर्षी त्याने अरिमा किहेई या तलवारबाजाला हरवले. ही त्याची पहिली लढत.

तो काळ उलथापालथीचा होता. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई झाली, १६०३ मध्ये तोकुगावा शोगुनांची सत्ता सुरू झाली आणि पराभूत सरदारांकडचे हजारो सामुराई बेकार झाले. अशा धनी नसलेल्या सामुराईला ‘रोनिन’ म्हणत. लढतीत नाव कमावले, तर कुठे तरी चाकरी मिळण्याची आशा असे. मुसाशीही गावोगाव फिरत लढत राहिला.

क्योटोमध्ये काय घडले?

वयाच्या २१ व्या वर्षी तो राजधानी क्योटोत आला. तिथे योशिओका घराण्याच्या तलवार विद्यालयाचा मोठा दबदबा होता. मुसाशीचा दत्तक मुलगा इओरी याने १६५४ मध्ये कोकुरा येथे उभारलेल्या स्मारकशिलेवर या लढतींची हकिगत कोरलेली आहे. त्यानुसार घराण्याचा प्रमुख सेइजुरो लाकडी तलवारीच्या एकाच घावात कोसळला. त्याचा भाऊ देन्शिचिरो पाच शाकू, म्हणजे सुमारे दीड मीटर लांबीची लाकडी तलवार घेऊन आला. मुसाशीने तीच हिसकावून त्याला ठार केले.

योशिओकांच्या बाजूची कथा निकाल वेगळा सांगते. पण लाकडी तलवार म्हणजे खेळणे नव्हे, एवढे या नोंदीतून स्पष्ट होते.

बेटावरची लढत कशी झाली?

१६१२ मध्ये होन्शू आणि क्युशूच्या मधल्या सामुद्रधुनीतील एका छोट्या बेटावर मुसाशीसमोर सासाकी कोजिरो उभा होता. कोजिरोची ओळखच त्याची लांब तलवार होती. तिचे पाते तीन शाकू, म्हणजे ९० सेंटिमीटरहून थोडे अधिक होते. मुसाशीच्या हाती लाकडी तलवार होती, असे कोकुराची शिला सांगते. होडीच्या वल्ह्यापासून त्याने ती तासली, ही लोकप्रिय कथा मात्र १७७६ च्या ‘नितेन्की’ या चरित्रातली आहे. लढत संपली तेव्हा कोजिरोचा मृत्यू झाला होता.

एकदाही हरला नाही, तरी असमाधान का?

मुसाशीच्या सांगण्यानुसार २९ व्या वर्षापर्यंत तो ६० हून अधिक लढती लढला आणि एकदाही हरला नाही. तिशी ओलांडल्यावर मात्र त्याने मागे वळून पाहिले. आपण जिंकलो ते पारंगत होतो म्हणून नव्हे. कदाचित उपजत कौशल्य असेल, कदाचित समोरच्यांची विद्या कमी पडली असेल, असे त्याला वाटले. मग त्याने सकाळ-संध्याकाळ सराव सुरू ठेवला. विद्येचे मर्म पन्नाशीच्या सुमारास उमगले, असे तो लिहितो.

१६३७-३८ मध्ये शिमाबाराचा उठाव मोडून काढणाऱ्या फौजेत तो होता. तिथे बंडखोरांनी फेकलेल्या दगडाने तो जखमी झाला. ६० लढतींत न हरलेल्या माणसाला एका दगडाने थांबवले.

१६४० मध्ये कुमामोतोच्या होसोकावा तादातोशीने त्याला आश्रय दिला. तिथे तो चित्रेही काढत असे. वाळक्या फांदीवर बसलेल्या खाटीक पक्ष्याचे त्याचे शाईचित्र आजही नावाजले जाते. १६४३ मध्ये कुमामोतोजवळच्या रेइगान्दो गुहेत त्याने ‘गोरिन नो शो’ हा पाच खंडांचा ग्रंथ लिहायला घेतला. १६४५ मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधी त्याने तो शिष्याच्या हाती सोपवला.

हत्यार निवडण्याबाबत तो काय सांगतो?

पहिल्या खंडात त्याचे मत स्वच्छ आहे. एखाद्या हत्याराचा लळा लावून घेऊ नये, दुसऱ्याचे पाहून निवडू नये आणि आपल्या हाताला पेलेल तेच घ्यावे. लांब तलवारीवर भिस्त ठेवणाऱ्या परंपरांवर तो शेवटून दुसऱ्या खंडात टीका करतो. फक्त आखूड तलवारीचा आग्रह धरणाऱ्यांनाही तो सोडत नाही. सुरुवातीला प्रत्येक हत्यार जड वाटते, सरावाने अंगात बळ येते, असेही तो सांगतो. पकडीचे वर्णन तर अगदी तपशीलवार आहे. अंगठा आणि तर्जनी हलकी, मधले बोट ना घट्ट ना सैल, शेवटची दोन बोटे घट्ट.

मग पहिली तलवार कोणती घ्यावी?

आधी गुरूंना विचारा, कारण प्रत्येक परंपरेची तलवार वेगळी असते. मुसाशीच्या नितेन इचि-र्यू परंपरेत आजही बारीक, हलक्या लाकडी तलवारी वापरतात. काशिमा शिन-र्यूची तलवार जाड आणि जवळपास सरळ असते. पर्याय मुख्यतः तीन आहेत.

बोकुतो किंवा बोकेन : ओकसारख्या टणक लाकडाची तलवार, साधारण १०२ सेंटिमीटर लांब. एकट्याने सराव आणि ठरवून दिलेल्या जोडीच्या हालचाली, म्हणजे ‘काता’, यांसाठी ती योग्य. मोकळ्या लढतीसाठी मात्र नाही. का, ते सेइजुरोच्या उदाहरणावरून कळते. लाकडाचे धागे लांबीच्या दिशेने सलग हवेत, गाठ किंवा चीर नको.

शिनाई : बांबूच्या चार पट्ट्यांची, चिलखत घालून होणाऱ्या केंदोच्या लढतींसाठी. प्रौढांच्या स्पर्धांत तिची कमाल लांबी १२० सेंटिमीटर असते. किमान वजन पुरुषांसाठी ५१० ग्रॅम, तर महिलांसाठी ४४० ग्रॅम. पट्टी फुटली तर लगेच बदलावी, कारण तिची चिंपाटी समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकते.

इआइतो : इआयदोसाठी धार नसलेली धातूची तलवार. लांबी उंचीनुसार ठरते. साधारण १७० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला सुमारे ७४ सेंटिमीटरचे पाते चालते. पाते मुठीत धरून ठेवणारी ‘मेकुगी’ ही बांबूची खुंटी प्रत्येक सरावाआधी तपासावी.

भिंतीवर लावायची शोभेची तलवार कधीही फिरवू नये. अनेकदा तिचे पाते मुठीत बारीक सळईने जोडलेले असते. झटका बसला की जोड तुटतो आणि पाते समोर उभ्या असलेल्याच्या दिशेने उडते. धारदार तलवारीचा विचार तर सुरुवातीला करूच नये. भारतात तलवारी १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात, हेही लक्षात असू द्यावे.

हाताला पेलणारी, गुरूंनी पाहून दिलेली साधी लाकडी तलवार सुरुवातीला पुरेशी आहे. ती जड वाटली तरी लगेच बदलायची घाई नको. आधी रोजचा सराव सुरू करा.